काय बंद केलं?

सातपूरच्या कारखान्यातल्या एका टर्नरचा उजवा हात गेला, वाचा गेली, ते मी लिहिलेल्या पत्रकामुळे. हे आधीच सांगून टाकते. कारण लिहायचं आहे ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल, आणि त्याच्या मोठेपणामागे मी सोयीने लपून जाईन अशी मला भीती वाटते. टर्नर परत बोलेल की नाही, हे अजून कोणी छातीठोक सांगत नाही. दुसरा माणूस, ज्याला मी काका म्हणायचे, तो आता नाही.

काका दवाखान्यातून फार्मासिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. कोणी ‘कंपाउंडर’ म्हटलं की भडकायचे. ‘कंपाउंडर मलम ढवळायचा. मी माणसं वाचवायचो, खिडकीच्या आतून.’ शर्टाच्या दुसऱ्या बटणाला दोऱ्याने बांधलेलं एक भिंग लटकत असायचं. इंदिरानगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. बायको मुलीकडे पुण्याला निघून गेली होती. भांडण नव्हतं, कंटाळा होता. ते स्वतःच सांगायचे, ‘तिला वाटायचं मी तिची तब्येत विचारतोय. मी तिच्या गोळीची विचारायचो.’

काका माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. आधी पायाकडे. चपलेचा पट्टा घोट्याखाली रुतलेला दिसला की थांबायचे. एकदा बसमध्ये समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईंना म्हणाले, ‘ताई, प्रेशरची गोळी चालू आहे का? पाय सुजलेत तुमचे.’ शेजारी बाईंचा मुलगा होता. ‘ओ, बाईमाणसाच्या पायाकडे काय बघता?’ म्हणत त्याने कॉलर धरली. काका कॉलर त्याच्या हातात तशीच राहू देऊन त्या बाईंना म्हणाले, ‘सूज सकाळी कमी असते, संध्याकाळी वाढते, असंच ना?’ बाई म्हणाल्या, ‘हो हो, अगदी असंच.’ मुलाने कॉलर सोडली आणि स्वतःच्या आईच्या पायाकडे बहुतेक पहिल्यांदाच बघितलं.

हे असं सगळीकडे. एका लग्नात त्यांनी वधूपित्याच्या खिशातल्या गोळ्या काढून पत्रावळीवर मांडल्या होत्या, आणि फोटोवाला सवयीने फोटो काढून गेला. एका घरी दुखवट्याला गेले, सगळे खाली मान घालून बसलेले, आणि यांनी विचारलं, ‘शेवटच्या पंधरवड्यात नवीन काय सुरू केलं होतं?’ थोरल्या मुलाने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मला सांगताना म्हणाले, ‘विचारायला नको होतं. पण मग विचारणार कोण? जाळून झाल्यावर कोणी विचारत नाही.’

साइड इफेक्ट हा शब्द त्यांना आवडायचा नाही. ‘साइडला काही नसतं,’ म्हणायचे. ‘औषध दोन कामं करतं. पहिलं काम डॉक्टर सांगतो. दुसरं बाथरूममध्ये पडल्यावर कळतं.’

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी नऊ ते एक दवाखान्याच्या गेटजवळच्या बाकावर बसायचे. कोणी नेमलेलं नव्हतं, कोणी बोलावलेलं नव्हतं. सिक्युरिटीवाल्याच्या आईच्या चक्करचं कारण त्यांनी एकदा शोधून काढलं होतं, तेवढ्या पुण्याईवर तो बाक त्यांचा. आत जाणाऱ्यांकडे त्यांचं लक्ष नसायचं. ते बाहेर पडणाऱ्यांना धरायचे. डिस्चार्ज मिळालेला पेशंट, हातात प्लास्टिकची पिशवी, नातेवाईक रिक्षा शोधतायत, आणि मध्येच हा माणूस आडवा. एकच प्रश्न : ‘काय बंद केलं?’

लोक गोंधळायचे. ‘बंद? नाही हो, दिलंय. हे बघा, पाच गोळ्या दिल्यात.’

‘दिलं ते दिसतंय. बंद काय केलं?’

आणि मग सगळे परत पिशवीत बघायचे. कारण ते कोणालाच सांगितलेलं नसायचं. काय सुरू करायचं हे सगळे सांगतात, काय थांबवायचं हे कोणीच सांगत नाही, हा काकांचा सगळा सिद्धान्त. मी तेव्हापासून किती शिबिरं ऐकली, किती अहवाल चाळले, याच्यापुढे एक पाऊल कोणी टाकलेलं मला दिसलं नाही.

मला ते भेटले मावशीमुळे. मावशी चांदवडची. कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. पहिल्यांदा दवाखान्यात आली ती प्रेशर वाढून छातीत धडधडलं म्हणून. चार दिवसांनी घरी पाठवली. पंधरा दिवसांत परत. खळ्यावरच चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. प्लास्टर घालून पाठवली. परत पडली, परत भरती. तिसऱ्या डिस्चार्जला गेटवर हे भिंगवाले गृहस्थ उभे.

‘पिशवी दाखवा.’

‘तुम्ही कोण?’ मी आवाज चढवला. मला आवाज चढवायची सवयच आहे.

‘मी कोणी नाही. रिटायर्ड. पिशवी दाखवा.’ पिशवी बघितली आणि म्हणाले, ‘ही नव्हे. घरची.’

मावशी म्हणाली, ‘घरची घरी हाय ना.’

‘उद्या आणा. सगळं आणा. टीव्हीखालचं, फोटोमागचं, पर्समधलं.’

मी हसण्यावारी नेलं असतं. पण तीनदा भरती झालेली बाई माझ्यासमोर उभी होती. दुसऱ्या दिवशी चांदवडहून मिठाईचा एक जुना खोका आला, आत वर्षभराच्या गोळ्या. काकांनी बाकावर पेपर पसरला आणि पट्ट्या जोड्या-जोड्यांनी लावल्या, पत्ते लावावेत तशा. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. ‘वाच. बारीक अक्षर वाच, मोठं नाही. मोठं नाव कंपनीचं असतं.’

बारीक अक्षर दोन्हीवर एकच होतं.

‘जुळे भाऊ आहेत. शाळेतली नावं वेगळी, आई एकच. ही गावच्या डॉक्टरने दिलेली, ही इथली. बाई दोन्ही घेतायत.’

‘मंग काय करू?’ मावशी म्हणाली. ‘मी म्हनलं, दोन डाक्टर, दोन गोळ्या. कोनाला नाराज करायचं?’

काकांनी तिसरी पट्टी उचलली. ‘ही लघवीची. ही घेऊन दिवसभर पाणी किती पिता?’

‘पानी? नाय पीत.’

‘का?’

‘खळ्यावर बायांना संडास हाय का? ही गोळी घेतली की दहादा जावं लागतं. कुठं जाऊ, कांद्याच्या ढिगामागं? मुकादम वरून म्हनतो, म्हातारे, पिकनिकला आलीस का. मंग पानीच सोडलं. घरी आल्यावर पिते तांब्याभर.’

काकांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही.’

मला वाटलं आता ते दोन पट्ट्या कचऱ्यात टाकतील. नाही टाकल्या. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडलेला मी बघितला नाही : स्वतः काही बंद करायचं नाही. ज्याने सुरू केलं त्याच्याकडूनच बंद करून घ्यायचं. मावशीला हाताला धरून ते वर वॉर्डात घेऊन गेले. माझ्याच वयाचा एक ज्युनिअर डॉक्टर उभ्याउभ्या खारी खात होता. पहाटेपासूनचा वॉर्ड त्याच्या एकट्याच्या अंगावर होता, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. काकांना बघून तो वैतागला.

‘काका, तुम्ही परत आलात?’

‘मी नाही आलो. या परत आल्यात. तिसऱ्यांदा.’

डॉक्टरने खोका बघितला, खारी खाली ठेवली. जुळ्यांमधला एक काटला. लघवीची गोळी कामावरून आल्यावर घ्यायला सांगितली. पाच मिनिटांचं काम. मावशी त्यानंतर पडलेली नाही. त्या पाच मिनिटांसाठी एका बाईचं मनगट मोडावं लागलं, हे मी तेव्हा मोठ्याने म्हटलं, आणि आजही म्हणते.

जिना उतरताना काका मला म्हणाले, ‘भरतीच्या कागदावर कारण काय लिहिलंय वाचलंस? चक्कर येऊन पडणे. पडणं हे कारण असतं का? पडणं हा निकाल आहे. कारण त्या मिठाईच्या खोक्यात आहे.’ ते कारण कागदावर लिहावं म्हणून ते वर्षानुवर्षं प्रत्येक डॉक्टरच्या मागे लागले होते. कोणी लिहीत नव्हतं. ‘लिहिलं तर कोणीतरी मोजेल,’ ते म्हणाले. ‘मोजलं तर कोणीतरी विचारेल. त्यापेक्षा पडणे बरं.’

माझं डोकं फिरलं. आणि माझं डोकं फिरलं की मी पत्रक लिहिते. मला दुसरं काही येत नाही. आमच्या कामगार संघटनेत मी त्याच कामावर तयार झाले. पहिली ओळ थोबाडीत बसली पाहिजे. वाक्य चालत्या माणसाने वाचावं एवढं. आणि पत्रकात ‘पण’ आला की पत्रक मेलं. हे मला शिकवलं गेलं आणि मी पुढे नव्या पोरापोरींना शिकवलं.

मथळा होता : ‘बरं व्हायला दिलेल्या गोळ्याच तुम्हाला परत दवाखान्यात पाठवतायत!’ खाली चक्कर, पायाची सूज, कोरडा खोकला, सगळं काकांकडून ऐकलेलं. शेवटी : ‘गप्प बसू नका. जाब विचारा.’

काकांनी कच्चा मजकूर भिंगातून वाचला. ‘चांगलं आहे. खाली एक ओळ टाक. मथळ्याएवढ्याच अक्षरात. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका.’

‘काका, त्याने जोर जातो.’

‘जाऊ दे.’

‘हे तर डॉक्टर लोकांचंच वाक्य झालं.’

‘मग? त्यांचं एकही वाक्य बरोबर असू नये का?’ आणि मग जरा समजुतीने, ‘पुढारीणबाई, पत्रक बोलतं, ऐकत नाही. समोरच्याला काय समजलं ते त्याला कळत नाही. मी बाकावर बसून विचारू तरी शकतो. म्हणून ती ओळ.’

मी हो म्हटलं. छापखान्यात ती ओळ काढली. जागा नव्हती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. जागा होती.

आम्ही ते सातपूरला कारखान्यांच्या गेटवर वाटलं, शिफ्ट सुटताना. दुसऱ्या आठवड्यात एका गेटवर एक माणूस मोटरसायकल लावून माझ्याकडे आला. रुंद खांद्यांचा, बोटांवर लोखंडाच्या किसाने चिरलेल्या बारीक खुणा.

‘ताई, हे तुम्ही लिहिलं?’

‘हो. मीच.’

‘एक नंबर! पाच वर्षं सांगतोय, प्रेशरची गोळी घेतली की लेथवर गरगरतं. सुपरवायझर म्हणतो नाटकं करतो. डॉक्टर म्हणतो होईल सवय. अरे, सवय होईपर्यंत बोटं राहतील का? पहिल्यांदा कोणीतरी आमचं लिहिलं.’

‘मग आता?’

‘सोडली! आठ दिवस झाले. डोकं असं हलकं, पिसासारखं.’

मी काय म्हटलं? मी म्हटलं, ‘बघा!’ आणि मोबाइल काढून त्याला तेच परत बोलायला लावलं आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकला. टाळ्यांची चिन्हं दिवसभर येत होती.

त्याची चक्कर खरी होती. गोळी बदलायची होती, मात्रा बघायची होती, वेळ बघायची होती. सोडायची नव्हती. महिना पुरा व्हायच्या आत त्याच ग्रुपवर बातमी आली. सकाळी चहाचा कप हातातून पडला, मग तो पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

काका आमच्या ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात छापील पत्रक होतं. ते त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं होतं. मी मान खाली घालून बसले.

‘कुठे कुठे वाटलं?’

‘काका, मी ती ओळ...’

‘ते नंतर. कुठे कुठे?’

ते ‘नंतर’ कधी आलंच नाही.

मे महिना होता. अकरा दिवस आम्ही सातपूरच्या कॉलन्या आणि वस्त्या दारोदार फिरलो, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. प्रश्न तोच, ‘काय बंद केलं?’ पण आता तो दवाखान्याला नव्हता, लोकांना होता. आणि गोळ्या बंद केलेली माणसं सापडत गेली, थोडी नाही. कोणी प्रेशरची, कोणी साखरेची. एका बाईने झटके न येण्याची गोळी सोडली होती, पत्रकात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. काका प्रत्येकाला उठवून डॉक्टरकडे न्यायचे. नाही उठलं तर तिथेच बसायचे.

लोकांनी त्यांना सोडलं नाही. बाजेवर बसलेला एक निवृत्त फिटर ओरडला, ‘अगं ऐकलं का, कंपनीचा माणूस आला! काय काका, किती गोळ्या खपवल्या की स्कूटर देतात?’ गल्ली हसली. ‘हे वाचा,’ म्हणून त्याने माझं पत्रक पुढे केलं. ‘वाचता येतं ना? का नुसतं भिंग?’

काकांनी ते उभ्याने पूर्ण वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचतायत. घडी घालून परत दिलं. ‘बरोबर लिहिलंय,’ म्हणाले. ‘उद्यापासून गोळी घ्या. आणि माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला, तुमचा त्रास मी सांगतो.’

एक ओळ गळली आहे, असं ते म्हणाले नाहीत. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होते. मीही म्हणाले नाही.

टर्नर तोवर घरी आला होता. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी काका मला थांबवायचे. ‘इथे तू येऊ नकोस. मी जाऊन येतो.’ मी एकदाही आग्रह धरला नाही. रसाच्या गाड्यापाशी उभी राहायचे. मला सुटल्यासारखं वाटायचं, हे लिहून ठेवते.

बाराव्या दिवशी काका आले नाहीत, दवाखान्यात भरती आहेत असं कळलं. मी पोचले तेव्हा तोच ज्युनिअर डॉक्टर, आणि पलंगावर उशा लावून बसवलेले काका. आडवं होता येत नव्हतं, छातीत पाणी भरलं होतं. त्यांचं हृदय कमजोर होतं हे मला तेव्हा कळलं. मावशीला होती तसलीच लघवीची गोळी त्यांनाही होती. ते सारखा तोंडावरचा मास्क बाजूला करत होते.

‘कारण लिहा.’

‘लिहिलंय काका. मास्क लावा. धाप लागणे.’

‘तो निकाल झाला. कारण लिहा. पेशंटने स्वतःहून... अकरा दिवस गोळी बंद केली.’

डॉक्टर बघतच राहिला. ‘तुम्ही? तुम्ही बंद केली?’

‘दिवसभर लोकांच्या दारात. कुणाच्या घरी जायचं, संडास दाखवा म्हणून?’

डॉक्टरने लिहिलं. काकांनी कागद मागून घेतला आणि वाचला. त्या दवाखान्यात खरं कारण लिहिलेला कागद मी बघितला तो हा एकच, आणि तो त्यांच्याच विरुद्ध होता. चार दिवसांनी ते गेले. मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते. अजूनही आहे. सगळ्या गावाला नियम सांगणाऱ्या माणसाने स्वतःसाठी तो मोडावा, आणि तो माझं निस्तरताना मोडावा, हे मी त्यांच्याकडे मागितलं नव्हतं.

टर्नरच्या घरी मी त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले. त्याआधी धीर झाला नाही. एक खोली, वर पत्रा, पंखा पूर्ण वेगात. त्याला बाजेवर भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि त्याची बायको चमच्याने मऊ भात भरवत होती.

‘आरोग्य केंद्राच्या आशाताई का तुम्ही?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘मग कोणत्या संस्थेच्या असाल. बसा.’

मी बसले. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, ते सगळं गेलं. म्हटलं, ‘वहिनी, ते भिंगवाले काका इथे यायचे ना?’

तिचा चेहरा आवळला. ‘त्या म्हाताऱ्याचं नाव काढू नका. त्यानेच तो कागद काढला. स्वतः सांगितलं, इथं या दारात उभं राहून. मजकूर माझा होता, चूक माझी झाली. वर रोज यायचा, म्हणे प्रेशर बघतो. चौथ्या दिवशी त्याचं मशीन मी रस्त्यावर फेकलं. तरी पाचव्या दिवशी आला, निर्लज्ज. गोळी दिली का, एवढं दारातून विचारायचा आणि जायचा.’ तिने भात कालवला. ‘मेला म्हणे. बरं झालं.’

मी बाजेकडे बघितलं. टर्नर माझ्याकडेच बघत होता. मी दारात आल्यापासून बघत होता. हे तुम्ही लिहिलं का, असं त्याने मला गेटवर विचारलं होतं, आणि मी ऐटीत हो म्हटलं होतं. इतके दिवस या घरात चुकीच्या माणसाला शिव्या पडत होत्या, आणि खरं ठाऊक असलेल्या एकाच माणसाला बोलता येत नव्हतं.

‘वहिनी, ते पत्रक त्यांनी नाही लिहिलं. मी लिहिलं. गोळी सोडू नका, अशी ओळ त्यांनी घालायला सांगितली होती. ती मी काढली.’

चमचा थांबला. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने नवऱ्याकडे बघितलं.

‘तुम्हाला माहीत होतं?’

त्याने डोळे मिटले आणि उघडले. हो म्हणायची ती त्यांची खूण असावी, कारण तिने परत विचारलं नाही. त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून भात ओघळला. तिने तो पदराने टिपला.

मी उठायला लागले.

‘बस,’ ती म्हणाली. आतापर्यंत अहो-जाहो करत होती. ‘यांचं जेवण होऊ दे. मग बोलते तुझ्याशी.’

वाटीत अजून निम्म्याहून जास्त भात होता. त्याला एकेक घास गिळायला खूप वेळ लागत होता. मी बसून राहिले.